चूकभूल द्यावी घ्यावी
(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटात तुम्ही कधी गेला असाल, निदान बाहेरून तरी पाहिले असेल. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटे शेजारी शेजारी उभी आहेत. पहाटे भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात आणि दुपारी मसाल्याच्या गाळ्यांतून मिरचीचा खाट बाहेर येत असतो. या मार्केटात एका जिन्यावरच्या छोट्या खोलीत बसून मी गाळेवाल्यांचे आणि त्यांच्याकडच्या नोकरदारांचे कराचे कागद तयार करते. इतकी वर्षे हे काम केल्यावर एक गोष्ट पक्की समजली. पैशाचे नुकसान माणूस सोसतो, पण कागदावर झालेली चूक त्याला आतून पोखरते. आज त्या चुकांविषयीच बोलायचे आहे.

सुरुवात बाजारातल्याच एका रीतीने करते. व्यापाऱ्याच्या जुन्या पद्धतीच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘चू. भू. द्या. घ्या.’ म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. आपण ते वाचतही नाही. पण त्या चार अक्षरांत एक मोठा करार आहे. बिल लिहिणारा म्हणतो, मी माणूस आहे, माझ्या हातून बेरीज चुकू शकते. तुझे जास्त गेले असेल तर मी परत देईन आणि माझे कमी आले असेल तर तू परत दे. बिल झाले म्हणून हिशेब बंद झाला, असे नाही.

काट्यावरही हेच असते. गोणी काट्यावर चढली की तोलणार वजन पुकारतो, ते तिथल्या तिथे लिहिले जाते. वजनात दोन किलोंचा फरक वाटला तर ‘पुन्हा टाक’ म्हणायला कुणी लाजत नाही. एका मिनिटाचे काम. पण तीच गोणी गाडीत चढून गेटाबाहेर गेली की मग फोन, चिठ्ठ्या, साक्षी आणि महिनाभराची कटकट. चूक जिथे लिहिली गेली तिथेच, आणि लवकरात लवकर, खोडायची हा बाजाराचा शहाणपणा आहे. पगार, कर्ज आणि कर या तीन कागदांनाही तो तसाच्या तसा लागू पडतो. तरी तिथे गेल्यावर आपण तो विसरतो. का विसरतो, ते मला एका मेहताजींनी शिकवले.

हे मेहताजी एका गाळ्यावर जवळजवळ चाळीस वर्षे हिशेब लिहीत होते. बाजार मुंबईत होता तेव्हापासूनचे. मशीद बंदर आणि भायखळ्याचे घाऊक बाजार गेल्या शतकातल्या ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले, त्यांच्याबरोबर तेही आले. अक्षर मोत्यासारखे. चाळीस आकड्यांची उभी बेरीज ते बोट फिरवत करायचे आणि माझ्या कॅल्क्युलेटरपेक्षा आधी उत्तर सांगायचे. समोरच्याच्या बिलातली चूक त्यांना लांबून दिसायची.

साधारण २०११ सालची गोष्ट. त्या वर्षी बोनस आणि मागची थकबाकी एकदम मिळाल्याने त्यांचा पगार करपात्र झाला होता. शेठजींनी पगारातून कर कापला, वेळेवर भरला. कापलेल्या कराचे तिमाही विवरणपत्र माझ्या खोलीत तयार झाले. मेहताजींचे वार्षिक विवरणपत्रही मीच भरले. सगळे व्यवस्थित झाले, असे मी समजून चालले होते.

पुढच्या जुलैत ते कागद घेऊन आले. पिशवीतून एकेक कागद काढताना घडी घातलेले एक चलन खाली पडले. मी उचलून पाहिले, तर प्राप्तिकराचे चलन. साडेनऊ हजारांच्या आसपासची रक्कम. मी विचारले, “मेहताजी, हे कशाचे भरलेत?”

ते ओशाळे झाले. म्हणाले, “काही नाही ताई, मध्ये एक कागद आला होता. कर बाकी आहे म्हणून. भरून टाकला.”

“अहो, पण तुमचा कर तर पगारातूनच कापला होता! मला दाखवला का नाहीत?”

“सरकारी कागद आहे ताई. छापील. तो खोटा कसा असेल? मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल.”

मी संगणक उघडला आणि माझे हातपाय गार पडले. चूक त्यांची नव्हती, शेठजींची नव्हती, प्राप्तिकर खात्याचीही नव्हती. माझी होती. विवरणपत्र भरताना वरच्या ओळीतल्या माणसाचा पॅन नंबर खालच्या ओळीत उतरला होता. मेहताजींच्या पगारातून कापलेला कर त्याच गाळ्यावरच्या एका तरुण सेल्समनच्या नावावर जमा झाला होता. खात्याच्या दृष्टीने मेहताजींचा एक रुपयाही कर आलेला नव्हता, म्हणून मागणीचा कागद गेला. तो गेला त्यांच्या कोपरखैरण्याच्या घरी. आणि ज्या माणसाने जन्मभर हजारो बिलांखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिले, त्याने सरकारी कागदात चूकभूल असू शकते अशी शंकासुद्धा घेतली नाही. ओळखीच्यांकडून उसने घेऊन पैसे भरले. घरात सांगितले नाही, गाळ्यावर सांगितले नाही. वर्षभर आपण सरकारचे चोर आहोत असे मनात बाळगून ते हिशेब लिहीत राहिले.

विवरणपत्र भरण्याआधी खात्याकडे जमा दिसणारा कर मी एकदा पडताळून पाहिला असता तर हे टळले असते. त्या वर्षी मी पाहिला नव्हता. आजही हे सांगताना बरे वाटत नाही. पण सांगते अशासाठी, की कागदावरच्या बहुतेक चुका अशाच होतात. त्यात कुणाचा कट नसतो. कुणाची तरी एक ओळ खाली सरकलेली असते. आणि त्या एका ओळीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

हे एकट्या मेहताजींच्या बाबतीत घडले नाही. त्याच सुमारास देशभर हजारो पगारदारांना असे कागद येत होते. कापलेला कर आणि खात्यातली नोंद यांचा मेळ बसत नव्हता. जुन्या, न तपासलेल्या थकबाक्या संगणकावर चढवल्या गेल्या होत्या आणि लोकांचे परतावे त्या थकबाकीत परस्पर वळते होत होते. दिल्लीत एका चार्टर्ड अकाउंटंटने याबद्दल पत्र लिहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला. दुरुस्तीच्या अर्जांची रीतसर नोंद ठेवा, ते मुदतीत निकाली काढा, करदात्याला कळवल्याशिवाय त्याचा परतावा जुन्या थकबाकीत वळवू नका, असे आदेश खात्याला मिळाले.

त्याआधी २००७ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने यशपाल साहनी यांच्या प्रकरणात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली होती. मालकाने पगारातून कर कापला पण सरकारात भरला नाही, तर तोच कर नोकराकडून पुन्हा वसूल करता येत नाही. खात्याने मालकाला धरावे. पगाराची पावती जपून ठेवणाऱ्याला या निकालाचा केवढा आधार आहे, याची कल्पना करा.

आणि १ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्थसंकल्प मांडताना खुद्द केंद्रीय अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की प्रत्यक्ष कराच्या कितीतरी लहान लहान, न तपासलेल्या, न जुळणाऱ्या किंवा वादातल्या मागण्या वह्यांत पडून आहेत आणि त्यातल्या काही १९६२ सालापर्यंत मागे जातात. २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या पंचवीस हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या दहा हजार रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा लाभ होईल, असे त्यांनी सांगितले. श्रोतेहो, सरकारने आपल्या वहीखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिण्याचाच हा प्रकार होता. सरकारी कागद चुकू शकतो, हे सरकारनेच मान्य केले आहे. आपणच ते मानायला तयार नसतो.

आता पगाराकडे वळू. एपीएमसीत पगाराच्या नोंदीचे मोल माथाडी कामगाराइतके कुणाला ठाऊक नसेल. डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणारा हा कामगार सातारा, सांगली, पुणे, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आला. पूर्वी त्याचा मालक ठरलेला नसे. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मजुरी तोंडी. काम केल्याचा कागद नाही, म्हणून रजा नाही, फंड नाही, म्हातारपणी हातात काही नाही. अण्णासाहेब पाटलांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली, लढे दिले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, टोळीची नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी पाहायचे, अशी व्यवस्था उभी राहिली.

या कायद्याने कामगाराला काय दिले, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, आधी नोंद दिली, मग पैसे दिले. ज्याचे नाव वहीत नाही त्याचा हक्कही नाही. माणसे त्या नावासाठी लढली. मग त्या नावात एक अक्षर चुकले तर ती किरकोळ बाब कशी मानायची?

आणि नावातच सर्वांत जास्त चुका होतात. गावाकडून अठरा-वीस वर्षांचा पोरगा आला, टोळीत लागला. मुकादमाने घरच्या नावाने हाक मारली, तेच वहीत लागले. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव, वहीत ज्ञानू. बँकेत आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी. तीस-पस्तीस वर्षे कुणाचे काही अडत नाही. अडते ते निवृत्तीच्या दिवशी. फंडाच्या अर्जावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे. संगणकाला वाटते, ही तीन माणसे आहेत. जन्मभर ओझे वाहिलेल्या माणसाला मग स्वतःची ओळख स्वतःच पटवावी लागते. असे एक काका माझ्याकडे आले होते. मुलीचे लग्न ठरलेले आणि स्वतःचा फंड अडकलेला. ते मला म्हणाले, “ताई, गोणी उचलताना कुणी नाव विचारलं नव्हतं.” मी यावर काय बोलणार?

त्यांचे काम झाले, पण लग्न होऊन गेल्यावर. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, जुने ओळखपत्र आणि त्यांच्याच टोळीतल्या जुन्या सोबत्यांची लेखी साक्ष, एवढे गोळा करायला वेळ लागला. हीच दुरुस्ती दहा वर्षे आधी केली असती तर एका अर्जात भागली असती. कारण तेव्हा निकड नव्हती, साक्षीदार हयात होते आणि ज्याने नाव लिहिले तो कारकूनही कदाचित त्याच टेबलावर होता.

कंपनीत नोकरी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. एपीएमसीला लागूनच ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे. तिथला कामगार चार कंपन्या बदलतो आणि चार ठिकाणी त्याचा भविष्य निर्वाह निधी पडून राहतो. २०१४ सालापासून प्रत्येकाला एकच कायमचा खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, मिळू लागला. २०२५ च्या जानेवारीत निर्वाह निधी संघटनेने नियम सोपे केले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधार जोडून ज्यांना हा क्रमांक मिळाला, त्यांना नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची व सोडल्याची तारीख अशा नोंदी बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करता येतात. मालकाच्या मागे हिंडावे लागत नाही. पण हे नोकरीत असतानाच करून ठेवावे.

पगाराच्या नोंदीत उलटी चूकही होते. चुकून जास्त पगार मिळतो. वेतननिश्चितीत आकडा चुकतो, दहा वर्षांनी लेखापरीक्षणात सापडतो आणि निवृत्त शिपायाच्या हाती वसुलीचा कागद येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सांगितले, की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा वेतन अशा बाबतींत वसुली करता येणार नाही. चूक कार्यालयाची असेल आणि माणसाने काही लपवले नसेल, तर तिचा भार त्याच्या उतारवयावर टाकू नये, हा त्यामागचा विचार. मात्र ‘जास्त मिळाल्यास परत करीन’ असे हमीपत्र दिले असेल तर चित्र बदलू शकते, हे ध्यानात ठेवा. आणि पगार अचानक वाढलेला दिसला तर गप्प बसू नका. चूकभूल द्यावीसुद्धा लागते, नुसती घ्यावी असे नाही.

तिसरा कागद कर्जाचा. हा कागद आपल्याकडे तसा नवा. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. आपण घेतलेले प्रत्येक कर्ज, चुकवलेला प्रत्येक हप्ता त्यांच्याकडे लिहिलेला असतो. पूर्वी बाजारात पत तोंडी असे. अमक्याचा माल उधार द्यायला हरकत नाही, हे दलाल सांगायचा आणि तो माणूस ओळखायचा. आता पत आकड्यात आली. आकडा माणसाला ओळखत नाही, तो नाव, जन्मतारीख आणि नंबर ओळखतो.

मार्केटातला एक टेम्पोवाला नव्या गाडीसाठी कर्ज काढायला गेला. एका बँकेने सांगितले, तुझे सिबिल खराब आहे. त्याने जन्मात कर्ज घेतलेले नव्हते. बाहेर एक एजंट भेटला, म्हणाला, पाच हजार दे, सिबिल साफ करून देतो. सुदैवाने पैसे देण्याआधी तो माझ्याकडे आला. आम्ही अहवाल काढला. त्यात एक दुचाकीचे कर्ज थकलेले होते. कर्ज घेणारा त्याच्याच नावाचा, त्याच्याच जन्मतारखेचा, पण दुसऱ्याच जिल्ह्यातला.

नाव सारखे असू शकते. पण जन्मतारीखही सारखी? श्रोतेहो, ती तारीख होती १ जून. आता तुमच्यापैकी कितीजण हसले असतील! आपल्या पिढ्यान् पिढ्यांची जन्मतारीख १ जून आहे. पोराला शाळेत नेले, तारीख कुणाला माहीत नाही, गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि १ जून लिहून टाकले. गुरुजींनी सोय केली. पण त्यांना कुठे ठाऊक होते, की पुढे याच तारखेवरून संगणक माणसे जुळवणार आहे?

एजंटची गरज नव्हती. पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवली, कर्ज माझे नाही म्हणून लिहिले, पॅन आणि पत्ता वेगळा असल्याचे दाखवले, कर्ज देणाऱ्या संस्थेलाही प्रत दिली. नोंद निघाली. इथे एक गोष्ट समजून घ्या. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ज्या संस्थेने ती पाठवली तिची संमती लागते. म्हणून पत्र दोघांना गेले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑक्टोबरात काढलेला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम असा आहे, की पूर्ण तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मागण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि तिथे फी लागत नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ अशी पाटी कुठे दिसली तर एवढेच लक्षात ठेवा, की चुकीची नोंद फुकट निघते आणि खरी नोंद पैसे देऊनही निघत नाही.

आता या साऱ्यातून हाती काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, कागद आला की घाबरून पैसे भरू नका आणि घाबरून तो ट्रंकेतही टाकू नका. दोन्ही सारखेच घातक. त्यावर कुठल्या वर्षाचे, किती आणि का, हे वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. यात लाज कसली?

दुसरी, चूक कुठे लिहिली गेली ते शोधा. ती जिथे बोचते तिथे बहुधा झालेली नसते. मेहताजींना कागद प्राप्तिकर खात्याकडून आला, पण चूक माझ्या टेबलावर होती. शेठजींच्या नावाने सुधारित विवरणपत्र गेल्याशिवाय खात्याला काही करता येत नव्हते. टेम्पोवाल्याला बँकेने नाकारले, पण चूक त्या बँकेची नव्हती. चुकीच्या दारावर वर्षभर डोके आपटणारी माणसे मी पाहिली आहेत. काट्यावरची चूक काट्यावरच सुटते, गेटावरच्या वॉचमनशी भांडून सुटत नाही.

तिसरी, लेखी द्या आणि पोच घ्या. एका पानाचा अर्ज. काय लिहिले आहे, काय हवे होते, पुरावा कोणता. बस्स. आपल्या हालअपेष्टांची कहाणी त्यात नको, ती वाचायला कुणाला वेळ नसतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ऑनलाइन केला असेल तर तक्रार क्रमांक वहीत उतरवा. तोंडी सांगितलेली तक्रार म्हणजे तोंडी सांगितलेले वजन.

चौथी, दिवस मोजा. कराच्या आदेशातली उघड चूक दुरुस्त करून मागण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात कलम १५४ म्हणून लोकांना माहीत होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण तरतूद आहे. सगळ्या दुरुस्त्यांना मुदत असते, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणू नका. सरकारी कार्यालयात अर्ज अडला तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, आपल्या अर्जाचे काय झाले, एवढा साधा प्रश्न विचारा. केंद्राच्या आणि राज्याच्या कार्यालयांत त्याला १० रुपये लागतात आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुष्कळदा उत्तराऐवजी कामच होऊन येते.

पाचवी आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे चूक होण्याआधीच वर्षातून एकदा जुळणी करा. पगाराची पावती किंवा फंडाचे पासबुक, पतमाहितीचा अहवाल आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर दिसणारा आपला कापलेला कर, हे तीन कागद समोर ठेवा. नाव, जन्मतारीख, नंबर आणि रक्कम ताडून पाहा. आपल्या नावावर नसलेले उत्पन्न दिसले तर तेही कळवा, कारण २०२१ पासून मिळणाऱ्या वार्षिक माहिती विवरणात ‘ही नोंद माझी नाही’ असे सांगण्याची सोय आहे. जास्त आलेले दिसले तर लपवू नका. बाजारात एकदा लपवले की पुढच्या वेळी आपल्या कमी वजनावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मेहताजींचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. सुधारित विवरणपत्र भरले, दुरुस्तीचा अर्ज केला. दीड वर्षाने त्यांचे पैसे व्याजासह परत आले. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “ताई, लिहिणाऱ्याच्या हातून होतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून काय कमी झाल्या का?” त्यांनी मला एका वाक्यात सोडून दिले. स्वतःला मात्र त्यांनी वर्षभर सोडले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या दुरुस्तीच्या अर्जाबरोबर जोडायला एक पत्र मी त्यांच्या नावाने तयार केले होते. मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी सही केली. पत्र परत घेऊन पाहते तो सहीच्या खाली, सवयीने, त्यांनी चार अक्षरे लिहिली होती, ‘चू. भू. द्या. घ्या.’ माझा साहाय्यक म्हणाला, “नवीन प्रिंट काढू का?” मी म्हटले, नको, तसेच जाऊ दे.

येत्या रविवारी तासभर काढा आणि आपले तीन कागद समोर घेऊन बसा.